परवान्याची पूजा

दसऱ्याला लोक हत्यारांची पूजा करतात. आमच्या आबांनी एका दसऱ्याला हत्याराच्या परवान्याची पूजा केली.

चौरंगावर कोयता होता, विळा होता, नांगराचा फाळ होता, पुतण्याची अंकगणिताची वही होती. आणि मधोमध, जिथे दरवर्षी बंदूक आडवी ठेवलेली असे तिथे, कोपरे दुमडलेले एक मळकट पुस्तक होते. आबांनी त्याला गंध लावले, झेंडूचे फूल वाहिले, वर आपट्याचे पान ठेवले आणि नेहमीच्याच गांभीर्याने हात जोडले. तारीख होती २८ सप्टेंबर २००९. विधानसभेची निवडणूक जाहीर झाली होती, मतदान १३ ऑक्टोबरला होते, आणि बंदूक तालुक्याच्या ठाण्यात जमा होती.

पुतण्याने विचारले, "आजोबा, पुस्तकाची कशाला पूजा?"

"बंदूक सरकारची रे," आबा म्हणाले, "आपलं म्हणून काय ते हे पुस्तक."

मी तेव्हा हसलो. पुण्याहून सणाला आलेल्या माणसाला गावातल्या पुष्कळ गोष्टींचे हसू येते. परतीच्या गाडीत बसल्यावर मात्र ते पुस्तक डोळ्यांसमोरून हलेना.

ती बंदूक म्हणजे काही मोठे हत्यार नव्हते. ठासणीची, एकनळी, माझ्या आजोबांनी घेतलेली. नळीत दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, गजाने ठासायचे, केप बसवायची आणि देवाचे नाव घेऊन चाप ओढायचा. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत डुकरांच्या कळपाने निम्मा कुणगा पालथा घातलेला असे. परवान्यावर कारण लिहिले होते 'शेतीसंरक्षण'. १९५९ च्या हत्यार कायद्यात आमच्यासारख्यांची आठवण मुद्दाम ठेवलेली आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना मिळावा, असे त्यात कलमच आहे. पुढे १९७२ साली वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा आला, तो उत्तरोत्तर कडक होत गेला, आणि डुकराला मारायचे तर त्याचीही निराळी परवानगी लागू लागली. राहिला तो नुसता आवाज. पण आवाजाचेही मोल असते. रात्री दीड वाजता सह्याद्रीच्या पायथ्याच्या त्या खोऱ्यात एक बार निघाला की तीन वाड्यांची भाते वाचत.

निवडणूक आली की या आवाजाला सरकार कुलूप लावी. गावात परवान्याच्या सात बंदुका होत्या. ठाण्यातून निरोप आला की सातही म्हातारे आपापली बंदूक गोणपाटात गुंडाळून सड्यावर जमत आणि एकाच टेम्पोतून वऱ्हाडासारखे तालुक्याला निघत. तिथे दिवसभर रांग. प्रत्येक बंदुकीच्या दस्त्याला सुतळीने चिठ्ठी बांधायची, पावती घ्यायची, आणि रिकाम्या हातांनी परत यायचे. निकाल लागल्यावर पुन्हा तोच टेम्पो, तीच रांग. नळीवर गंज चढलेला आणि एखाद्या वेळी चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली. आणि विधानसभेची निवडणूक बरोबर भात पोटरीत आल्यावर यायची! २००९, २०१४, २०१९, तिन्ही वेळा दसरा आचारसंहितेत सापडला.

"डुकरांना कळते का रे आचारसंहिता?" आबा विचारीत.

मुळात हा नियम वाईट आहे असे मी म्हणणार नाही. निवडणुकीत बंदुकीच्या धाकाने मते फिरवलेली या देशाने पाहिली आहेत. ज्याच्यावर गुन्हे आहेत, ज्याने पूर्वी दंगा केला आहे, अशाची बंदूक काढून घेणे रास्तच. त्यासाठी प्रत्येक परवाना नीट पाहून ठरवायला छाननी समितीही असते. पण गावाकडे छाननी कोण करीत बसतो? सगळ्यांच्याच घेतल्या की कोणाला बोल लागत नाही. आबांना बंदूक देण्याचे दुःख नव्हते. त्यांचे दुःख निराळेच होते. "ज्याच्या मतावर राज्य उभं करायचं, त्याच्यावर मत पडेपर्यंत भरवसा नाही," असे ते म्हणत, आणि मग थोडे थांबून, "बरं, नाही तर नाही. पण कुणी तोंडावर येऊन सांगावं की नाही?"

तोंडावर येणारे येत. पण ते निराळेच सांगत. त्या वर्षी एक उमेदवार आमच्या पडवीत बसून गेले. कोण, कोणत्या पक्षाचे, याला महत्त्व नाही. आबांच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्यांचे उत्तर एकच होते, माणसे तेवढी निराळी. आबांनी बंदुकीचे विचारले. उमेदवारांनी आबांचे दोन्ही हात हातांत घेतले आणि म्हणाले, "आबा, पुढच्या खेपेला तुमची बंदूक घरातून हलणार नाही, ही माझी जबाबदारी!" २०१४ साली बंदूक पुन्हा टेम्पोत बसली. विचारायला गेलेल्यांना उत्तर मिळाले, "हे आयोगाचं काम. आमच्या हातात काही नाही." म्हणजे मत मागताना सारे त्यांच्या हातात असते आणि बंदूक मागताना आयोगाच्या!

मी चाळीस वर्षांच्या आत-बाहेर शाळेत इतिहास शिकवला. शिक्षकाला वडिलांशीसुद्धा शिक्षकासारखे बोलण्याची खोड असते. मी आबांना सांगू लागलो की हा प्रश्न तुमच्या बंदुकीहून जुना आहे. लॉर्ड लिटनने १८७८ साली दोन कायदे केले: एकाने देशी वर्तमानपत्रांचे तोंड बांधले, दुसऱ्याने देशी माणसाचे हात. युरोपियनांना हत्यारासाठी परवाना नको, आपल्याला हवा. पुढे रिपनने वर्तमानपत्रांचा कायदा उठवला. हत्यारांचा तसाच राहिला. काँग्रेसच्या अगदी पहिल्या अधिवेशनांपासून त्याविरुद्ध ठराव होत आले. मोठी गंमत अशी, की अहिंसेचा पुजारी म्हणून ज्यांना आपण ओळखतो त्या गांधीजींनीही १९१८ साली, खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडताना, सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याला इंग्रजी राज्याच्या काळ्याकुट्ट कृत्यांत जागा दिली. १९३० च्या जानेवारीत त्यांनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठावरचा कर होता हे शाळेतले पोरही सांगते. पण त्याच अकरांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, त्यांवर लोकांचे नियंत्रण ठेवा, अशीही एक मागणी होती. मीठ लक्षात राहिले, बंदूक विसरली. १९३१ च्या कराचीच्या ठरावात तर नागरिकाच्या मूलभूत हक्कांतच, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता.

"ठाऊक आहे," आबा म्हणाले. बेचाळीस साली अठराव्या वर्षी त्यांनी बुलेटिने वाटली होती. "आम्ही भाषणांत हेच ऐकलं. इंग्रज गेला की परवाना गेला."

इंग्रज गेला, परवाना राहिला. घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात हरि विष्णू कामतांनी कराचीच्या ठरावाची आठवण देऊन शस्त्राचा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला उत्तर दिले. जो तो उठून बाजारातून हवी ती हत्यारे आणू लागला तर राज्य चालवणे शक्य होणार नाही, असे ते स्पष्ट म्हणाले. आणि आग्रह धरायचाच तर शस्त्राच्या हक्काचा नको, देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरा, असेही. दुरुस्ती पडली. त्याच वर्षाच्या जानेवारीत एका पिस्तुलाने काय केले होते, ते त्या सभागृहात कोणी विसरले असेल असे मला वाटत नाही. पुढे १९५९ साली नवा कायदा झाला, तो १९६२ च्या ऑक्टोबरात अमलात आला, आणि लिटनचा कायदा संपला. परवान्याचे तत्त्व मात्र कायम राहिले.

जवळजवळ साठ वर्षे जी मागणी सारा देश करीत होता ती स्वराज्य येताच मागे पडली, आणि लोकांनी त्याविरुद्ध हूं की चूं केले नाही. हे कसे, असे मुले मला वर्गात विचारीत. मी उत्तर देई की लोकांना बंदूक हवी होती त्याहून बंदूक नाकारणारा परका नको होता. तो गेल्यावर मागणीतला जीव गेला. हे उत्तर मला अजूनही खरे वाटते. तरी त्यात आबांसारखा माणूस बसत नाही. त्याला खरोखरीची डुकरे हाकायची असतात. (इंग्रजांनी कूर्गच्या कोडवांना परवान्यातून सूट दिली होती, ती स्वतंत्र भारतानेही चालू ठेवली. हे सांगितल्यावर आबा दोन दिवस म्हणत होते, "कूर्गात जन्माला यायला हवं होतं.")

एवढे सगळे सांगून मी शेवटी म्हणे, "आबा, बंदूक घरात नसलेलीच बरी." त्यावर आबा माझ्याकडे नुसते पाहत. ते का पाहत हे फक्त आम्हां दोघांना, आणि आतेभाऊ तात्याला ठाऊक होते.

आबा २०१७ साली गेले. परवानेवाला गेला की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, आणि वारसाला ती हवी असेल तर नव्याने अर्ज. धाकटा भाऊ शेती करतो. त्याने अर्ज केला. त्याला माझी, म्हणजे दुसऱ्या वारसाची, ना-हरकत हवी होती. कागद पुण्याला आला. मी तो टेबलाच्या खणात ठेवला. भावाचा फोन आला की मी म्हणे, "करतो रे सही, बघू." पुन्हा फोन आला की, "जरा गडबड आहे, दिवाळी होऊ दे." नको असे मी एकदाही म्हटले नाही. ना-हरकतही दिली नाही, हरकतही घेतली नाही.

पुढच्या वर्षी, २०१८ साली, मी मुलीकडे मेलबर्नला गेलो. तिच्या नवऱ्याच्या ओळखीचा एक वृद्ध गवळी गिप्सलँडात राहतो. शहराच्या पूर्वेला दुभत्या गाईंचा तो हिरवागार मुलूख. एका रविवारी त्याच्या ओट्यावर चहा घेत बसलो असता त्याने लांबवरचे सेल गाव दाखवले आणि म्हणाला, "तिथे मी आमच्या पंतप्रधानाची हुर्यो केली होती."

हकीकत मला पुस्तकी ठाऊक होती. २८ एप्रिल १९९६ रोजी टास्मानियातल्या पोर्ट आर्थर येथे एकाच माणसाने पस्तीस माणसे गोळ्या घालून मारली. जॉन हॉवर्ड पंतप्रधान होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. त्या देशात बंदुकीचे कायदे राज्यांच्या हाती. केंद्राला तो अधिकारच नाही. तरी बारा दिवसांत, १० मे रोजी, सगळ्या राज्यांच्या मंत्र्यांना एकत्र बसवून त्यांनी करार घडवला: भराभर गोळ्या सुटणाऱ्या बंदुका सर्वसामान्यांकडून बंद, प्रत्येक हत्याराची नोंद, परवान्याला खरे कारण हवे. राज्ये मागे सरू लागली तर सार्वमत घेईन, अशी धमकीही त्यांनी दिली. लोकांकडून बंदुका फुकट घेतल्या नाहीत, विकत घेतल्या. त्यासाठी सबंध देशावर एक वर्ष आरोग्यकरात शेकडा शून्य पूर्णांक दोनची वाढ केली. साडेसहा लाखांच्या आसपास हत्यारे जमा झाली आणि यंत्राखाली घालून मोडली.

देशातले बहुसंख्य लोक हॉवर्डच्या बाजूचे होते. पण मला नेहमी वाटते, त्या बहुसंख्येचे काय गेले होते? सिडनीतल्या ज्या गृहस्थाने जन्मात बंदूक धरली नाही तो बंदुकीविरुद्ध हात वर करतो, तेव्हा त्याचा हात रिकामाच असतो. ज्यांच्या हातांत होती ते सारे खेड्यांतले, आणि खेडी हॉवर्डच्याच आघाडीची. विशेषतः उपपंतप्रधान टिम फिशर यांच्या नॅशनल पक्षाची. तो पक्षच मुळी शेतकऱ्यांचा. हॉवर्ड १६ जून १९९६ रोजी सेल येथे संतापलेल्या बंदूकवाल्यांपुढे बोलायला उभे राहिले. पोलिसांच्या सांगण्यावरून कोटाखाली गोळी न शिरणारे चिलखत घातले होते, आणि ते बाहेरून दिसत होते.

"दिसत होतं म्हणजे काय, पाठीवर ठसठशीत फुगलं होतं!" म्हातारा म्हणाला. "आमचाच माणूस, आमच्या मतांवर निवडून आलेला, आणि आमच्यात येताना चिलखत घालतो! मला त्या करारापेक्षा त्याचा राग आला." (हॉवर्डनी नंतर स्वतःच म्हटले आहे की ते चिलखत घालायला नको होते.)

"मग बंदूक दिलीत की नाही?"

"दिली. बापाची होती. मोडताना पाहायला उभा राहिलो."

"का दिलीत?"

त्याने बराच वेळ गाईंकडे पाहिले. मग म्हणाला, "फिशर गावोगाव हिंडला. आम्ही त्याला बोलू देत नव्हतो. कुठे कुठे त्याचे पुतळे टांगले. तो शेतकरीच, आमच्यातला. त्याला पक्कं ठाऊक होतं की आपल्याला हे महाग पडणार. तरी आला आणि तोंडावर म्हणाला की द्यावी लागेल. असं सांगणाऱ्याला बंदूक देता येते." आणि कप खाली ठेवीत, मिस्कीलपणे, "मत नाही दिलं. पुढच्या निवडणुकीत दुसऱ्यालाच दिलं. बंदूक दिली, मत दिलं नाही."

पुष्कळांनी तसेच केले. १९९८ च्या जूनमध्ये क्वीन्सलँड राज्यात पॉलीन हॅन्सनबाईंच्या नव्या पक्षाने अकरा जागा घेतल्या, आणि ज्या नॅशनल पक्षाच्या मुख्यमंत्र्याने बंदुकांचा करार मानला होता त्याचे सरकार गेले. त्याला कारणे आणखीही होती; पण बंदूक त्यांत होती. हॉवर्ड स्वतः त्या ऑक्टोबरात जेमतेम तरले. फिशर २०१९ साली वारले.

परतीच्या विमानात मला झोप आली नाही. म्हाताऱ्याचे ते "तोंडावर म्हणाला" ऐकताना आबा आठवले, आणि आबांच्या पाठोपाठ माझ्या टेबलाचा खण. पडवीत आबांचे हात हातांत घेणाऱ्या त्या उमेदवाराला मी इतकी वर्षे हसलो. "बघू", "दिवाळी होऊ दे" असे म्हणणारा मी त्याच्याहून निराळा कुठे होतो?

तरीही गावी जायला मला वर्ष लागले. २०१९ च्या दसऱ्याला गेलो. तारीख ८ ऑक्टोबर; पुन्हा निवडणूक, पुन्हा आचारसंहिता. चौरंगावर मधोमध जागा रिकामी होती; आता परवानाही नव्हता. जेवणे झाल्यावर मी भावाला, भावजयीला आणि तात्याला पडवीत बसवले आणि जे चाळीस वर्षे सांगितले नव्हते ते सांगितले.

१९७९ च्या ऑक्टोबरात मी सुट्टीवर आलो होतो. चोवीस वर्षांचा, शहरात नोकरी लागलेला, आणि बंदूक धरायची हौस. आबांना ताप होता. राखणीला मी जातो म्हणालो. परवाना आबांचा, माझ्या हाती ती देणे हाच गुन्हा. तरी त्यांनी दिली. मध्यरात्र उलटल्यावर भात हलले. मी बार काढला. डुक्कर नव्हते. मला एकट्याला कंटाळा येईल म्हणून तात्या चहाची किटली घेऊन बांधावरून येत होता. छर्रे त्याच्या डाव्या गुडघ्यात गेले. किटलीचा आवाज मला अजून ऐकू येतो.

आबांनी तापात उठून, डोलीतून त्याला रस्त्यापर्यंत नेले. जबाबात सांगितले की बंदूक साफ करताना आपल्या हातून बार उडाला. तात्यानेही तेच सांगितले. आबांचा परवाना दोन वर्षे गेला, मग मिळाला. माझी नोकरी वाचली. तात्या तेव्हापासून लंगडतो. गावाला काय वाटले असेल ते वाटले. कोणी बोलले नाही. धाकटा भाऊ तेव्हा चौदा वर्षांचा. त्याला घरचा जबाबच खरा म्हणून ठाऊक.

"म्हणून मला ती बंदूक घरात नको आहे," मी म्हणालो. "इतिहासबितिहास काही नाही. सही करणार नाही, हे फोनवर सांगायचं धैर्य नव्हतं. आज तोंडावर सांगतो."

भाऊ काही बोलला नाही. उठून गोठ्यात गेला. पहिल्यांदा तोंड उघडले ते तात्याने, आणि त्याने माझी बाजू घेतली नाही. "दादा, गुडघा माझा गेला ना? मग मी सांगतो. बंदूक राहू दे. गुडघ्याला चाळीस वर्षं झाली. डुकरं रोज येतात. गेल्या वर्षी तीन कुणगे गेले माझे."

ज्याला इजा झाली तो तरी आपल्या बाजूला असेल, अशी माझी इतक्या वर्षांची समजूत होती. त्याला मी कधी विचारलेच नव्हते.

मग भावजय म्हणाली, अगदी शांतपणे, पदराला हात पुशीत, "भावोजी, बंदूक नको तर नको. पण राखणीला तुम्ही येणार का?"

त्या खेपेला मी आठ रात्री गावी राहिलो. माळ्यावर बसून रॉकेलचा रिकामा डबा वाजवला, हाकारे घातले, दिवाळीसाठी आणलेल्या सुतळी बाँबचा एक पुडका संपवला. चौसष्टाव्या वर्षी घसा बसेपर्यंत ओरडल्यावर कळते, की एका बारात किती माणसांची झोप साठवलेली असते. पाचव्या रात्री दमून डोळा लागला आणि डुकरांनी खालचा कुणगा साफ केला. भावाने सकाळी तो पाहिला. मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

निघायच्या दिवशी तो म्हणाला, "अर्ज मागे घेतोय."

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी कशाला? कचेरीत अकरा खेपा झाल्या. कंटाळलो." आणि ट्रंक उचलता उचलता, "आबांनी मला सांगायला हवं होतं." त्यानंतर वर्षभर तो माझ्याशी कामापुरतेच बोलला.

त्याच डिसेंबरात दिल्लीत हत्यार कायद्याची दुरुस्ती झाली. एका माणसाकडे परवान्याची तीन हत्यारे चालत. विधेयकात म्हटले होते की यापुढे एकच. वाडवडिलांच्या बंदुकांचे काय करायचे, अशी ओरड झाली, आणि मंजूर होताना एकाचे दोन झाले. लग्नावरातीत हौसेने बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूदही तेव्हाच आली, ती उत्तम झाली. वर्तमानपत्रात हे वाचून मला हसू आले. ज्यांच्याकडे तीन तीन होती त्यांचे म्हणणे दिल्लीला ऐकू गेले. आमच्या सात ठासणीच्या बंदुकांचा आवाज खोऱ्याबाहेर कधीच गेला नव्हता. आता त्यांतल्या चारच उरल्या आहेत. बाकीच्या तिघांच्या वारसांनी, आमच्यासारख्याच, खेपांना कंटाळून नाद सोडला.

तेव्हापासून भात पोटरीत आले की मी गावी जातो. करोनाचे एक वर्ष सोडले तर चुकलो नाही. तात्या लंगडत येतो, किटली आणतो, आणि बांधावर पाय ठेवण्यापूर्वी मोठ्याने खाकरतो. बंदूक नसली तरी खाकरतो.

गेल्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी होते, म्हणजे प्रचार ऐन दिवाळीत आला. पाडव्याच्या सकाळी एक उमेदवार पडवीत आले. तरुण होते, आबांचे हात धरणाऱ्यांपैकी नव्हते. फराळाचे ताट पुढे ठेवले तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या गावाची शेतीच्या बंदुकांची तक्रार मला माहीत आहे. मी निवडून आलो तर पुढच्या खेपेला एकही बंदूक जमा होणार नाही."

"आमच्याकडे बंदूक नाही," भाऊ म्हणाला.

"मग प्रश्नच मिटला!"

"डुकरं आहेत," भाऊ म्हणाला. "रात्री या एकदा राखणीला. दादा आहेच. चौघं असलो की वरचा बांधही धरता येईल."

उमेदवार हसले. वही काढून त्यांनी काहीतरी लिहून घेतले, एक बेसनाचा लाडू उचलला, आणि बाहेर उभ्या असलेल्या जीपकडे गेले. तात्या त्यांच्या मागे फाटकापर्यंत लंगडत गेला आणि कोणत्या रात्री यायचे ते त्यांना सांगून आला.